जागी न झालेली गोळी

“हात लावून बघा, बर्फ झालेत पाय!” शिवणवाल्या बाईंनी टॉवेलात गुंडाळलेली मांजर दवाखान्याच्या टेबलावर ठेवली, तेव्हा भर दुपारचे बारा वाजले होते. मांजर ओरडत होती. डोळे मिटून ऐकलं असतं, तर कुणाचं तान्हं मूल रडतंय असंच वाटलं असतं. पुढच्या दोन पायांवर ती उठू पाहत होती. मागचे दोन, दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे, नुसते फरफटत होते.

पावकाकांनी मागचा पंजा हातात घेतला. तळवा निळसर पडला होता.

पावकाका म्हणजे दवाखान्याचे कंपाउंडर. सत्तावीस वर्षं ते माणसांच्या गोळ्या मांजरांसाठी ब्लेडनं चार तुकड्यांत कापत आले होते, कणभरही इकडंतिकडं न होऊ देता. नाव त्यावरूनच पडलेलं. ही मांजर आणि तिची बहीण, दोघींच्या हृदयाच्या भिंती जाड झालेल्या. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोघींना रोज काकांच्या हातची पाव गोळी.

“गोळी चुकली होती का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“एक दिवस नाही. हातातलं शिवण टाकून देत होते.”

“आणखी काही देत होता?”

“ॲसिडिटीची. दोघी उलट्या करत होत्या ना. तुम्ही सुट्टीवर होता, मग काकांनीच दिली. महिना झाला.”

डॉक्टरीणबाईंनी मांजरीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. काकांकडे बघितलंही नाही. गुठळीनं मागच्या पायांचं रक्त अडवलं होतं. अर्ध्या तासानं, आता काही करण्यासारखं उरलं नाही म्हणून, इंजेक्शन देऊन त्यांनी मांजरीची सुटका केली. बाई रिकाम्या हातांनी घरी गेल्या.

“रक्त पातळ ठेवणारी गोळी गिळल्या गिळल्या काम करत नाही, काका,” मग डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. “यकृत तिला जागं करतं. ॲसिडिटीच्या काही गोळ्या माणसांत तिला नीट जागं होऊ देत नाहीत. तुम्ही दिलीत ती त्यांतलीच. मांजरांत तसंच होतं का, ठामपणे सांगता येत नाही. औषध चालू असतानाही गुठळी होते कित्येकींना. मनाला लावून घेऊ नका.”

“पण मी तुम्हाला फोन करून विचारायला हवं होतं.”

“ते मात्र खरं.” त्यांनी फोन उचलला. “दुसरीची ॲसिडिटीची गोळी आजच बंद करायला सांगते.”

“राहू द्या. मीच जातो.”

चार वाजता त्यांनी बाईंची कडी वाजवली. घरातलं सगळं सामान भिंतीपासून ओढलेलं होतं. कपाट, खाट, शिलाई मशीनसुद्धा.

“तुम्हाला ऐकू येतंय?” बाईंनी दारातच विचारलं. “आल्यापासून आतल्या खोलीत चालतेय. दोनच पावलं वाजतात. मग ओढल्यासारखं काहीतरी.”

“दुसरी असेल.”

“दुसरी ही काय.”

दुसरी मशीनवर कापडाच्या ढिगात बसली होती. काकांनी कान दिला. टप. टप. मग फरशीवरून काहीतरी मऊ सरकत गेलं. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं आणि खोलीत कुणी नव्हतं. आत्ता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे त्यांना कळलं आणि त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे गोळी पोटात जात होती?” बाईंनी विचारलं.

“जात होती. पण जागी झाली नसेल. झालीही असेल, देव जाणे. पण न विचारता मी ॲसिडिटीची दिली, हे नक्की.”

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. “मी दुपारपासून थुंकलेली गोळी शोधतेय. कडू लागायची तिला, तोंडाला फेस यायचा. मला वाटलं, माझंच लक्ष नव्हतं.” मग ॲसिडिटीच्या उरलेल्या गोळ्यांचं पाकीट त्यांनी काकांच्या हातात दिलं. “रागावायला उद्या येईन दवाखान्यात. आत्ता हिचे पाय बघा.”

काकांनी मांजर मांडीवर घेतली. एकेक पंजा मुठीत धरला. चारही उबदार होते.

मांजर मात्र त्यांच्याकडे बघत नव्हती. तिची नजर त्यांच्या पाठीमागं, भिंतीच्या कडेकडेनं, फार सावकाश पुढं सरकत होती. मध्येच थांबत होती. पुन्हा सरकत होती.

काकांनी मान वळवली नाही. पंजे हातात धरून ते तसेच बसून राहिले.