रेघेच्या आतून

माळ्यावरचं शेवटचं खोकं तिनं खाली घेतलं, तसा डक्टवाला बॅटरी घेऊन शिडी चढला आणि कमरेपर्यंत माळ्यात शिरला. खालून त्याचे पाय तेवढे दिसत होते. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते पाय बराच वेळ एकाच पायरीवर थबकून राहिले.

"ताई, इथं माप आधीच घेतलंय कुणीतरी," आतून आवाज आला.

कंपनीचा माणूस आठवड्यापूर्वी पाहून गेला होता, त्यानं घेतलं असेल, असं ती म्हणाली. पण म्हणतानाच तिच्या लक्षात आलं की त्या माणसानं खालूनच मान वर करून माळा बघितला होता. खोकी तर आज निघाली.

वीज सकाळीच बंद केली होती आणि घर गारठलं होतं. दारापाशी मेन बोर्ड उघडून वायरमन बसला होता. घर उबदार ठेवणारा हीट पंप गच्चीवर बसणार होता, त्यासाठी त्याला बोर्डातून एक स्वतंत्र लाइन वर न्यायची होती. हा डक्टवाल्याचा सख्खा मेहुणा, आणि दोघांची सकाळपासून जुंपली होती. डक्टवाल्याचं म्हणणं असं, की गरम हवा नेणारा पत्र्याचा डक्ट म्हणजे हत्ती आणि वायर म्हणजे मुंगी. आधी हत्तीला वाट द्यावी, मुंगी काय, कुठूनही जाते. मेहुण्याचं म्हणणं, दाजींचा हत्ती दरवेळी मुंगीच्या अंगावरच बसतो. "बहीणही द्यायची आणि वर जागाही द्यायची," असं तो बोर्डाकडे तोंड करून पुटपुटला, तेव्हा तिला खुदकन हसू आलं. या घरात आपण हसलो याचं मग तिचं तिलाच कसंसं वाटलं.

आईला जाऊन आठ महिने झाले होते. मागच्या महिन्यात वडिलांचा फोन आला. गच्चीवर हीट पंप बसवतोय, दोन दिवस येतेस का, म्हणाले. तिनं फक्त "आता?" एवढंच विचारलं. मग ते म्हणाले, "हो. आता."

ती आली, पण तो शब्द तिच्याबरोबरच आला होता. कालपासून बापलेकीत बोलणं होत होतं ते टॉवेल कुठे आहे आणि दूध संपलंय का, एवढ्यापुरतं. इतकी वर्षं आई हिवाळ्यात एकावर एक दोन स्वेटर घालून वावरली. चहा संपल्यावरही कप दोन्ही तळव्यांत धरून बसायची. हीट पंपाचा विषय निघाला की वडील म्हणायचे, "बघू पुढच्या वर्षी," आणि आई म्हणायची, "मला कुठं थंडी वाजते." मुलीनं पहिलं वाक्य मनात धरून ठेवलं होतं, दुसरं नाही.

डक्टवाला खाली उतरला. त्यानं बॅटरी विझवली, पेटवली, पुन्हा विझवली.

"माझीच खूण आहे," तो म्हणाला. "घरं मी विसरतो ताई, पण स्वतःचं अक्षर कसं विसरणार?"

मग त्याला सगळं आठवत गेलं. दोन वर्षं झाली असतील. शेजारच्या गल्लीत त्याचं काम चालू होतं, तिथे येऊन एक काकू त्याला भर दुपारी घरी घेऊन आल्या. दारातच त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. आत कुणी आजारी असेल असं त्याला वाटलं होतं. तसं नव्हतं, यजमान रात्रपाळी करून झोपले होते. तासभर दोघांनी कुजबुजत मापं घेतली. टेपचं एक टोक त्याच्याकडे, एक काकूंकडे. यजमानांना आत्ताच कळू द्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

ते कुजबुजणं तिला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. वडील तीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात क्रेनवर, त्यातली बहुतेक रात्रपाळीत. दिवसा घरात पावलंसुद्धा जपून पडायची. दारावरच्या घंटीत आईनं कापूस कोंबला होता. भावंडांची भांडणं दातओठ खाऊन, पण आवाज न करता व्हायची. आपल्याकडे शिंकायलाही परवानगी काढावी लागते, असं धाकटा भाऊ मित्रांना सांगायचा. क्रेनवर डुलकी लागली तर खाली माणसं असतात, हे आईचं एकच उत्तर.

"मग बसवला का नाही?" तिनं विचारलं.

"निघताना त्यांनी विचारलं, आवाज किती होतो. मी खोटं कशाला बोलू? म्हटलं, भार घेणारी भिंत तेवढी एकच आहे, म्हणजे पंप यजमानांच्या खोलीवरच येणार. झोप सावध असेल तर घरघर जाणवेल." तो घुटमळला. "म्हणाल्या, मग राहू द्या. चहा दिला आणि दारापर्यंत सोडायला आल्या."

ती शिडीवर चढली. माळ्याच्या आतल्या भिंतीवर पेन्सिलीनं चौकोन काढला होता. तीन रेघा सरळ होत्या, त्यांच्याशेजारी इंग्रजी आकडे. चौथी जराशी खाली झुकलेली, आणि तिच्यापाशी, पाचाचं शेपूट लांब ओढून, ४५.

"ती रेघ काकूंनी मारली," खालून तो म्हणाला. "माझे दोन्ही हात मापाचा पत्रा धरण्यात गुंतले होते."

घरात मराठी आकडे आईच काढायची. मुलीला स्वतःला ते लिहायला क्षणभर आठवावं लागे. तिनं बोट भिंतीजवळ नेलं आणि पुसलं जाईल म्हणून मागे घेतलं.

जिन्यात पावलं वाजली. वडील गच्चीवरून खाली आले, हाताला खडू लागलेला. पंपाच्या चौथऱ्याची जागा त्यांनी आखून ठेवली होती, अगदी आपल्या खोलीवर. डक्टवाल्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सवयीनं जे सांगायचं ते सांगितलं: पंप डोक्यावर येईल काका, झोपेत घरघर जाणवेल.

"जाणवू दे की," वडील म्हणाले. "माझा उजवा कान जाऊन पंधरा वर्षं झाली. डावा उशीत गेला की कानाशी नगारे वाजवलेत तरी चालेल."

ती शिडीवरून उतरत होती, तिथेच थांबली. वडील बोलताना नेहमी तोंड फिरवून बसायचे. आपल्याकडे बघायचंसुद्धा नाही यांना, असं ती लहानपणापासून धरून चालली होती. आताही त्यांचा डावा कान तिच्याकडे होता.

"आईला माहीत होतं?"

"नाही." त्यांनी हातावरचा खडू झटकला. "सांगणार होतो एकदा. उठून बाहेर आलो तर घंटीत कापूस भरत बसली होती. इतकी मन लावून, की मी परत जाऊन पडलो. तिला वाटायचं, माझी झोप ती राखतेय."

उरलेला खडू विजारीला पुसत ते म्हणाले, "राखतच होती म्हणा."

डक्टवाल्यानं तोंड उघडलं. "पण काका, काकू तर—"

"वायर किती जाडीची लागेल हो वरती?" तिनं मध्येच विचारलं. आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. दारापाशी बसलेल्या वायरमननं मान वळवून पाहिलं. डक्टवाल्यानं तोंड मिटलं आणि गळ्यातला टेप उगाच एकदा ओढून परत सोडला. वायरमनला मात्र हुरूप आला. सहाची लागेल, पंपाला स्वतःचा ब्रेकर लागेल, शिवाय गच्चीवर पंपाशेजारी एक स्विच, असं तो बोटांवर मोजत सांगू लागला. दाजींनी कृपा करून एक पाइप जाईल एवढी फट ठेवली तर संध्याकाळपर्यंत काम संपेल, असंही त्यानं सुनावलं. तिनं ते सगळं मान हलवत ऐकून घेतलं.

"बघू तरी कुठून नेताय," म्हणत वडील शिडीकडे निघाले.

तुम्ही नका चढू, मी सांगते ना, असं ती म्हणाली. आयुष्य तीस फुटांवर काढलंय, त्यात ही शिडी म्हणजे चौरंग, असं म्हणत ते चढलेसुद्धा. तिनं शिडीचे दोन्ही पाय घट्ट धरले. बॅटरीचा उजेड आतल्या भिंतीवरून हळूहळू सरकत गेला आणि एका जागी राहिला.

"ही एक रेघ वाकडी आहे."

"ती मी मारली, मघाशी," ती म्हणाली. "यांचे हात अडकले होते."

"आकडा?"

"तोही मीच."

उजेड हलला नाही. वायरमनचा पेचकस बोर्डावर दोनदा वाजला आणि थांबला.

"अहो," वडील डक्टवाल्याला म्हणाले, "भोक रेघेच्या आतून पाडता येईल का?"

डक्टवाल्यानं मुलीकडे पाहिलं. ती शिडीच्या पायाकडे बघत होती.

"येईल. डक्ट अर्धा इंच लहान वळवीन," तो म्हणाला. "पण कडेला पट्टी बसली की सगळं झाकलं जाईल, काका. रेघ काही दिसायची नाही."

"दिसायला कशाला हवी?" वडील म्हणाले. "आतूनच पाडा."