आठशे मीटरवरची टाकी

सकाळचे सव्वासात झाले होते आणि मला पाण्याची टाकी दिसत होती.

विमानतळावर हवामान निरीक्षकाचं काम करताना मला अठ्ठावीस वर्षं झाली. गच्चीवरून कोणती वस्तू किती लांब आहे, याचा तक्ता आमच्या खोलीत भिंतीवर आहे. कुंपणाचा कोपरा तीनशे मीटर, गोदामाचं छप्पर पाचशे, पाण्याची टाकी आठशे. धुकं पडलं की गच्चीवर जायचं, सगळ्यांत लांबचं काय दिसतं ते पाहायचं आणि आकडा नियंत्रण मनोऱ्यात कळवायचा. एरवी हे काम यंत्र करतं, पण ते चार दिवसांपासून दुरुस्तीला गेलं होतं. टाकी दिसली तर विमान उतरणार. नाही दिसली तर दुसऱ्या शहराकडे वळणार.

त्या विमानात माझी मुलगी होती आणि तिची चार महिन्यांची लेक. नातीला मी अजून पाहिलं नव्हतं.

फोन वाजला. मनोऱ्यातल्या बाई. "मास्तर, आकडा द्या. विमान वीस मिनिटांवर आलंय." मी सदा पुस्तकात डोकं घालून बसतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात.

"पाच-सात मिनिटं थांबता का?"

"टाकी दिसतेय की नाही?"

"दिसतेय. म्हणजे, दिसतेय असं वाटतंय."

"वाटतंय असा रकाना नाही माझ्याकडे, मास्तर."

टाकी दिसत होती हे खरं. करडी, गोल, बाजूच्या शिडीसकट. त्या शिडीनंच मनात पाल चुकचुकली. शिडी मला इथून लख्ख उन्हातसुद्धा कधी दिसलेली नाही. अठ्ठावीस वर्षं रोज पाहिलेली टाकी डोळे मिटूनही दिसणार. त्यातून आज ती मला दिसायला हवी होती.

मी अग्निशमन केंद्रात फोन लावला. जीपवर पैलवान होता. पैलवानाचं वजन पंचेचाळीस किलो.

"जीप टाकीपाशी ने, तोंड माझ्याकडे करून उभी कर आणि दिवे लाव."

"टाकी चोरीला गेली का, मास्तर?"

"तेच बघायचंय."

थोड्या वेळानं त्याचा फोन आला. "उभा आहे. दिवे लावलेत. हातपण हलवतोय."

मी पाहिलं. टाकी होती, शिडी होती. दिवा एकही नव्हता. धुक्यात वस्तूच्या आधी दिवा दिसतो, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं.

"आता हळूहळू माझ्याकडे ये."

गोदाम ओलांडून तो बराच अलीकडे आला, तेव्हा कुठे दोन पिवळट ठिपके उमटले. मी मनोऱ्यात फोन केला.

"चारशे."

"आत्ता तर टाकी दिसतेय म्हणालात."

"ती माझ्या डोक्यात होती. चारशे लिहा, बाई."

"तुमची मुलगी आहे ना विमानात?"

"आहे. चारशे."

विमानाचा आवाज डोक्यावरून गेला आणि लांब लांब होत विरला.

नऊ वाजता धुकं विरलं. टाकी जागच्या जागी उभी होती. "धुकं विरणारच होतं, मास्तरांनी आठशे सांगितले असते तर काय बिघडलं असतं," असं कुणीतरी जिन्यात म्हणालं. मलाही दिवसभर तेच खात होतं. चारशे होते की साडेचारशे? पण दुपारी मी तक्त्याखाली एक ओळ लिहिली आणि सही केली: जीपचे दिवे दिसल्याशिवाय टाकी दिसली असं धरू नये.

दुसऱ्या शहरात दुपारपर्यंत ताटकळून आणि मग सहा तास टॅक्सीत काढून मुलगी संध्याकाळी दारात उभी राहिली. केस विस्कटलेले, खांद्यावर किंचाळणारं गाठोडं.

"बाबा, तो आकडा कुणी दिला?"

"मी."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि लेक माझ्या हातात दिली.

"मग घ्या. आता तुम्हीच गप्प करा हिला."