तळव्याचे चार कोपरे

...पट्ट्याच्या बकलाचा चौकोन उजव्या पायाच्या तळव्यावर अगदी स्वच्छ उमटला होता आणि त्याच्या एका कडेला, टाचेच्या जरा वर, रक्त होतं. फार नाही, दाढी करताना येतं तेवढं. खुर्चीत बसून, पाय मांडीवर घेऊन तो बघत होता — आणि त्याला वाटत होतं, हा पाय कुणीतरी आपल्या मांडीवर ठेवून गेलंय.

आत बायको कापूस शोधत होती. "अहो, एवढं टोचत होतं तर बोलायचं नाही का? तोंडाला काय कुलूप लावलं होतं?"

तो सांगणार काय? टोचलंच नव्हतं.

शाळेची बस चालवून चालवून कंबर धरली, म्हणून तिनेच हे सुरू केलं होतं. ती योगाच्या वर्गाला जायची आणि तिथे शिकलेलं घरी येऊन त्याच्यावर आजमावायची. लाकडी ठोकळ्याऐवजी दोन जाड पुस्तकं, लोडाऐवजी गुंडाळलेलं ब्लँकेट, पट्टा जुन्या प्रवासी बॅगेचा. खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभं राहायचं, नजर समोरच्या खिळ्यावर, खाली बघायची सक्त मनाई. आज पट्टा सतरंजीवर तसाच राहिला होता आणि तो नेमका बकलावर उभा राहिला, सगळा भार टाकून. ती विचारत होती, "चारही कोपरे टेकले?" आणि तो खुशाल म्हणाला होता, "टेकले."

रोजच म्हणायचा. तळव्याला चार कोपरे असतात म्हणे, बोटांकडचे दोन आणि टाचेचे दोन, आणि ते चारही जमिनीला टेकलेले जाणवायला हवेत... पहिल्या दिवशी त्याला हसू आलं होतं. ही योगवाल्यांची भाषा — श्वास पाठीत घ्या, डोळे आत वळवा, त्यातलंच हेही. कुणाला काही जाणवत बिणवत नसणार, सगळे आपले शिकवणाऱ्याचं मन राखत असणार, असं तो धरूनच चालला होता. हो म्हणायचं आणि सुटायचं.

ती कापूस घेऊन आली, खाली बसली.

"तुला कळतात? चारही?"

"म्हणजे काय! फरशी गार लागते, सतरंजीची साधी सुरकुतीसुद्धा कळते. पाय आहेत ना माझे? काहीतरीच विचारता." तिने औषध लावलं. "झोंबलं?"

"थोडं," तो म्हणाला, आणि किती सहज खोटं बोललो हे त्याला कळलं.

उजवा पाय. ब्रेकचा पाय.

त्याला आठवलं, डॉक्टरांनी साखर सांगितली तेव्हा पायांना मुंग्या येतात का, असं विचारलं होतं. येत नाहीत, असं मी ऐटीत सांगितलं होतं... खरंच येत नव्हत्या, काहीच येत नव्हतं. मग नव्या बुटांवर राग काढला — तळ जाड आहे, पेडल समजत नाही — आणि पातळ तळाचे घेतले. तेही जाडच वाटले, तेव्हा दुकानदाराला शिव्या घातल्या. बसमध्ये पोरांना सांभाळणाऱ्या बाई परवाच म्हणाल्या होत्या, "मामा, हल्ली फार झटके देताय हो," आणि मी रस्त्याला नावं ठेवली. मागच्या बाकावरची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली आणि खिदळली. मीही हसलो. आरशात बघून हसलो.

"उद्या सुट्टी घेताय का?" तिने कापूस मुठीत गोळा करत विचारलं. "पण एवढ्याशा जखमेसाठी कशाला म्हणा."

"बस आहे उद्या." सवयीने तोंडातून निघालं, आणि आपलाच आवाज त्याला कुण्या बेफिकीर माणसाचा वाटला.

ती आत गेली. खरं काय ते सांगायचं तर आत्ताच, तिला हाक मारून... आणि मग? बस गेली की आपण कोण? त्याने पाय फरशीवर ठेवला, डोळे मिटले आणि ब्रेक आठवू लागला. पेडलची रबरी खाच, दाबताना आधी मऊ आणि मग घट्ट होत जाणं... आठवत होतं, पण ते फार जुनं होतं, पहिल्या बसचं. अलीकडचं काहीच सापडेना. कालचं नाही, आजचंही नाही. तरी बस रोज थांबत होती, दार उघडत होतं, पोरं उड्या मारत उतरत होती — मग ती थांबवत कोण होतं?

मिटल्या डोळ्यांपुढे तो मागच्या बाकावर बसला होता, पोरांच्या मधोमध, दप्तरांच्या गर्दीत. चालकाची फक्त मान दिसत होती. बस वेगात होती आणि त्या मानेवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता.