बर्फ न पाहिलेला झेंडा

मित्रांनो, मी एक जुना झेंडा आहे. देशाचा नाही, शाळेचा नाही की कुठल्या मंडळाचाही नाही. दोन तळहात शेजारी ठेवलेत तर त्यांच्याखाली मी पुरता झाकला जाईन, एवढासा माझा आकार. रंग नारिंगी. आता तो वाळलेल्या संत्र्याच्या सालीसारखा दिसतो, पण दोन हजार चार साली मला पाहून माणसे डोळे किलकिले करत असत.

माझे काम तुम्हांला नवलाचे वाटेल. फार उत्तरेकडे हिवाळ्यात तळी गोठतात. तिथली माणसे बर्फाला भोक पाडून त्यात गळ सोडतात आणि भोकावर टिप-अप नावाची एक चौकट ठेवतात. चौकटीला पोलादाची लवचिक पट्टी असते, पट्टीच्या टोकाला झेंडा. पट्टी वाकवून अडकवायची आणि आपण लांब शेकोटीजवळ जाऊन बसायचे. खाली माशाने गळ ओढला की पट्टी सुटते आणि झेंडा ताडकन उभा राहतो. मग माणूस धावत येतो. झेंडा दिसला नाही तर मासा गेला, आणि दिवसभराची थंडी फुकट गेली.

अशा कामासाठी जन्मलेला मी आयुष्यभर राहिलो मात्र सिंगापूरला. तिथे बर्फ भेटतो तो सरबताच्या पेल्यात.

तिथल्या बुओना व्हिस्टा भागातल्या एका प्रयोगशाळेत रत्नदीप नावाचा इंजिनिअर काम करत होता. मूळचा नागपूरचा, हुशार आणि अबोल. कॅनडातल्या एका कंपनीने त्याच्या प्रयोगशाळेकडे तक्रार पाठवली होती. त्यांचे झेंडे एका मोसमात विटत होते, थंडीत तडकत होते, वाऱ्यात उसवत होते. टिकेल आणि लांबून दिसेल असे कापड निवडून द्यायचे होते. रत्नदीपने नाना प्रकारची कापडे मागवून त्यांचे तुकडे कापले. त्यांतला एक तुकडा मी. माझ्या कोपऱ्यात त्याने शाईने नंबर घातला, सतरा. तेच माझे नाव.

प्रयोगशाळेत थंड पेटी होती, पण तिच्यासाठी रांग लागायची. म्हणून एका शनिवारी रत्नदीप आम्हां सगळ्यांना टॅम्पिनीसच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आला आणि ओले करून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवून दिले. तासाभराने त्याच्या बायकोची, एकताची, हाक आली.

"रत्नदीप, मटारांत ही चिंध्यांची पिशवी कुणी ठेवली?"

"चिंध्या नाहीत त्या. ऑफिसचं काम आहे."

"ऑफिसचं काम माझ्या मटारांत?"

तेवढ्यात खुर्चीवरून एक म्हातारा आवाज आला. "कापड आहे का? आण इकडं, पाहू दे."

ते बाबूराव, रत्नदीपचे वडील. नागपूरच्या कापडगिरणीत त्यांनी एकतीस वर्षे कापड तपासण्याचे काम केले होते. काचेच्या टेबलाखाली दिवा असे, वरून ताग्यामागून तागा सरकत जाई आणि तुटलेला एक धागाही बाबूरावांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांचा शिक्का बसल्याशिवाय तागा बाहेर पडत नव्हता. पुढे गिरणी बंद झाली. मग बायको वारली. एकटे राहू नयेत म्हणून मुलाने त्यांना इकडे आणले, त्याला आठ महिने झाले होते. इथे त्यांच्याकडे एकच काम होते. सात वर्षांच्या नातीला, दीक्षाला, रस्त्यापलीकडच्या शाळेत सोडायचे आणि परत आणायचे. ते काम असे मन लावून करीत की शाळा बाराला सुटणार असली तर अकरालाच चपला घालून बसत.

त्या दिवशी त्यांनी आम्हांला एकेक करून हातात घेतले. मला आठवते, त्यांनी मला डोळ्यांजवळ नेलेच नाही. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून हळूहळू चोळले. मला वाटले, जुन्या कारागिराची हीच पद्धत असेल.

"सुताले तोड नाही," ते म्हणाले. "बाकी सारं प्लास्टिक आहे."

"ठीक आहे बाबा. बघू," रत्नदीप म्हणाला.

सकाळी फ्रीजर उघडला तेव्हा सुती झेंडा पापडासारखा कडक होऊन पिशवीला चिकटला होता. पाणी पिऊन तो गोठला होता. जाड प्लास्टिकचा झेंडा वाकवताच कट्कन मोडला. माझ्यावर मात्र पाणी ठरलेच नव्हते. मी पॉलिएस्टरचा, वरून पातळ लेप दिलेला. मी जसा होतो तसाच मऊ राहिलो. बाबूरावांनी गोठलेले सूत हातात घेतले, टेबलावर ठक्ठक् आपटून पाहिले आणि खूप वेळाने हसले.

"एकतीस वर्षं याची बाजू घेतली. यानं आज फजिती केली."

त्या दिवसापासून घरात बोलणे सुरू झाले. तोपर्यंत बापलेकांत 'जेवलात का' आणि 'औषध घेतलं का' याच्या पलीकडे काही होत नव्हते. आता रत्नदीप कामावरून आला की बाबूरावांजवळ बसे. आम्हांला टेबलफॅनच्या जाळीला बांधून दिवसचे दिवस फडफडत ठेवले. तिसऱ्या दिवशी नायलॉनच्या झेंड्याच्या कडेचे धागे सुटून लोंबू लागले. बाबूरावांनी बोट फिरवले आणि म्हणाले, "कात्रीनं कापलं ना तू? याले कात्री नको लावू. सुरी तापव आणि तिनं काप. कड वितळून बसते, मग धागा सुटत नाही. टेरिकॉटच्या वेळी आम्ही असंच करत होतो."

रत्नदीपने सुरी तापवली. घरभर जळका वास पसरला, एकता खिडक्या उघडत फिरली, पण माझी कड तेव्हा जी बसली ती आजतागायत सुटलेली नाही. मित्रांनो, त्या संध्याकाळी फार गोड होत्या. बाबूराव गिरणीच्या भोंग्याचे, डबे घेऊन फाटकाशी येणाऱ्या बायकांचे, दीक्षाभूमीवर सगळ्या खात्याने मिळून वाटलेल्या खिचडीचे सांगत. रत्नदीप लिहिता लिहिता थांबून ऐके. "हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत," तो एकदा म्हणाला. "तू कधी बसला होता?" बाबूराव म्हणाले.

कापड ठरले. आता रंग ठरायचा होता. माझ्याच कापडाचे आणखी दोन भाऊ होते, एक लाल आणि एक पिवळा. प्रयोगशाळेतल्या साहेबांचा कौल लालला होता, कारण गिऱ्हाइकांना लालची सवय होती. रत्नदीपलाही तेच वाटत होते. तरी त्याने ठरवले की नुसत्या अंदाजाने सांगायचे नाही.

"बाबा, तिकडे बर्फावर तुमच्या वयाची माणसंच जास्त बसतात. तुम्ही बघून सांगा."

बाबूरावांचे हात थबकले. "दीक्षाले सांग. तिची नजर ताजी आहे."

"दोघंही या."

रविवारी संध्याकाळी साडेपाचला आम्ही पासिर रिसच्या समुद्रकाठी गेलो. रत्नदीपने वाळूवर पांढरे थर्माकोल पसरले, तोच आमचा बर्फ. तीन चौकटींवर आम्ही तीन भाऊ वाकून बसलो. शंभर पावलांवर बाबूराव आणि दीक्षा चटईवर बसले. नियम सोपा होता. झेंडा उठलेला दिसला की बाबूरावांनी हात वर करायचा. दीक्षाने काही बोलायचे नाही, फक्त वहीत आपली आणि आजोबांची खूण वेगवेगळी लिहायची. रत्नदीप खाली मान घालून पट्ट्या अडकवत आणि सोडवत होता, त्यामुळे तिकडे काय चालले आहे ते त्याला कळत नव्हते. उभा राहिलो की मला मात्र दिसत होते.

पिवळा उठला. बाबूराव हलले नाहीत. लाल उठला. बाबूराव समोर पाहत बसून राहिले. मी उठलो. त्यांनी मान थोडी पुढे केली, क्षणभर थांबले आणि हात वर केला. सूर्य बुडेपर्यंत आमच्या बारा फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी हात वर झाला तो माझ्यासाठीच.

दीक्षा वही घेऊन, तिथल्या मुलांच्या बोलीत ओरडत धावत आली. "पप्पा, ऑरेंज विन लाह! आजोबांनी फक्त ऑरेंजच पाहिला!"

रत्नदीपने आनंदाने वही घेतली. अंधार पडताना लाल काळपट होतो, पिवळा पांढऱ्यात हरवतो, हे त्याने वाचले होते. आता पुरावा मिळाला होता. मग त्याचे बोट पहिल्या ओळीवर थांबले. पहिली फेरी सहाला झाली होती. तेव्हा लख्ख ऊन होते. दीक्षाच्या रकान्यात तिन्ही खुणा होत्या. आजोबांच्या रकान्यात एकच होती.

तो मला हातात घेऊन चालत चटईपाशी गेला.

"बाबा, त्या झाडाखाली किती माणसं बसली आहेत?"

बाबूरावांनी तिकडे तोंड वळवले. "तुझा प्रयोग झाला ना? चाल घरी."

"किती माणसं आहेत बाबा?"

झाडाखाली सहा माणसांचे कुटुंब डबे उघडून जेवत होते. त्यांतले एक बाळ रडतही होते.

"नाही दिसत रे," बाबूराव म्हणाले. "वर्ष झालं. धुकं आल्यावानी वाटते सारं."

"वर्ष? आणि रस्ता? दीक्षाला रोज रस्ता ओलांडून नेता तुम्ही!"

"मी सांगते ना सिग्नलवर ग्रीन मॅन झाला की," दीक्षा घाईघाईने म्हणाली. "आमचा गेम आहे तो. आजोबा म्हणाले, डोन्ट टेल."

रत्नदीपच्या मुठीत मी चुरगळलो. त्याचा आवाज चढला. "काही झालं असतं म्हणजे? मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू मले घरी बसवलं असतं. एवढं एकच तर काम आहे मले इथं," बाबूराव म्हणाले. त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलं माझं. पोरीचा जीव होता."

रत्नदीप वाळूतच बसला. काही वेळाने त्याने विचारले, "मग आज तरी खोटा हात वर करायचा होतात. मला कळलंही नसतं."

"आलं होतं मनात. पोरगी खूण करे तेव्हा पेन्सिलीचा आवाज येत होता, अंदाजानं करता आला असता." बाबूराव म्हणाले. "पण न पाहता पास करायची सवय नाही मले. तुझ्या नोकरीचं काम होतं ते."

मित्रांनो, तेव्हा मी रत्नदीपचा चेहरा जवळून पाहिला. सतरा नंबरचा रंग उन्हात किती उतरला, हे तो रोज सकाळी मोजत होता. समोरच्या खुर्चीवरचे वडील त्याने आठ महिन्यांत एकदाही नीट पाहिले नव्हते. बस येईपर्यंत त्याने बाबूरावांचा हात धरून ठेवला, आणि बसमध्येही सोडला नाही.

घरी सगळे ऐकून एकता आधी रागावली, मग रडली. बाबूराव खाली मान घालून उभे होते. सकाळी ते चपला न घालता खुर्चीवर बसून राहिले. एकता दप्तर घेऊन त्यांच्यासमोर आली.

"चला बाबा. शाळेची वेळ झाली."

"मी?"

"सोडायला तुम्हीच जायचं. डोळ्यांत मोतीबिंदूच असणार, त्याचं ऑपरेशन होईपर्यंत मी नुसती बरोबर येते."

त्यांनी चपला शोधायला इतका वेळ लावला की दीक्षाला त्या दिवशी उशीर झाला.

पुढे अहवाल गेला. नारिंगी रंग मान्य झाला आणि माझ्या रंगाचे हजारो झेंडे उत्तरेकडच्या तळ्यांवर गेले. अहवालात पाहणाऱ्याच्या नावासमोर रत्नदीपने लिहिले होते, 'बाबूराव, वय अडुसष्ट, कापड तपासनीस.' साहेबांनी विचारले, हे कोण? तो म्हणाला, "माझे वडील. एकतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं आहे. ज्याला सगळ्यांत कमी दिसतं, त्याला जो झेंडा दिसला तोच आपण निवडलाय." साहेबांनी सही केली.

मी मात्र नमुना होतो, म्हणून मागे राहिलो. आधी कौतुकाने भिंतीवर टोचलेला होतो. मग घर बदलले, बाबूराव नागपूरला परतले, दीक्षा मोठी झाली, आणि मी एका खणात जुन्या चार्जरांखाली गेलो. कित्येक वर्षे मला कुणी उलगडून पाहिलेले नाही. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. खणातल्या अंधारात मी एक सकाळ पुन्हा पुन्हा आठवतो.

बाबूरावांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली ती सकाळ. डॉक्टर बाजूला झाले. रत्नदीपने मला मुद्दाम खिशात घालून आणले होते. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि मला उंच धरून म्हणाला, "बाबा, सांगा, हा कुठला रंग?"

बाबूरावांनी डोळा मिटला. पुन्हा उघडला. ते माझ्याकडे पाहतच नव्हते.

"तो झेंडा खाली कर," ते म्हणाले. "इकडं ये. काहून रे, तुझे केस इतके कधी पिकले?"

रत्नदीपने मला खाली केले आणि वडिलांसमोर लहान मुलासारखा गुडघ्यांवर बसला. बाबूराव एका हाताने त्याचे डोके आपल्याकडे वळवून, कानशिलावरचा एकेक पांढरा केस निरखत राहिले. ताग्यातला धागा पाहावा तसे, अगदी सावकाश.

मित्रांनो, मी उठून उभा राहतो तेव्हा लांबचा माणूस धावत येतो, म्हणून माझा जन्म. तुमच्या घरातली माणसे अशी ताडकन उभी राहत नाहीत. ती खुर्चीवर गप्प बसून असतात. आज घरी गेलात की त्यांच्याजवळ जा आणि विचारा, तुम्हांला नीट दिसतंय ना? आणि उत्तर येईपर्यंत तिथेच बसा.