दोन्ही डावी

पेटीतून एकशे त्रेचाळीस तुकडे निघाले. कवटीचे एकवीस, बरगड्यांचे असावेत असे चाळीस, मणक्यांचे सतरा, दात अकरा, मांडीची हाडं दोन, आणि ओळख न पटणारे, बोटाच्या पेरापेक्षा लहान असे बावन्न. याशिवाय शर्टाची तीन बटणं आणि टायरच्या रबराच्या चपलेचा एक पट्टा. ज्या लाल कापडात हे सगळं गुंडाळलं होतं त्याचे फक्त धागे उरले होते, ते मी मोजले नाहीत.

सकाळी सहाला सुरुवात केली आणि साडेआठला संपवलं. हाडांना ऊन लागू द्यायचं नसतं, म्हणून वर निळी ताडपत्री ताणली होती. तिच्यामुळे हाडं, माझे हात, तांदळाच्या दारूची परात, सगळंच निळसर दिसत होतं. नदीकाठचा रस्ता रुंद होणार होता आणि आमच्या घराण्याच्या दोन कबरी त्यात जात होत्या. एक पणजीची, दुसरी तिचा थोरला मुलगा खांग याची. पणजीची आदल्या दिवशीच हलवली होती. आज खांगची पाळी होती. मी हनोईत, हाडांवरून माणसाची ओळख पटवणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते, म्हणून घरच्यांनी मला रजा टाकायला लावून बोलावून घेतलं होतं.

"दोन मांड्या. बरोबर आहे," सहावे काका म्हणाले. "माणूस पुरा आहे."

भावंडांत सहावे म्हणून ते अख्ख्या गावाचे सहावे काका. हाडं उचलून, धुऊन नव्या पेटीत मांडायचं काम त्यांच्या बापापासून त्यांच्याकडे आलेलं. एक हाड धुऊन ते माझ्या हातात देत आणि मी ते कापडावर जागच्या जागी ठेवत असे, डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. मांडीचं एक हाड डावीकडे ठेवलं. दुसरं उजवीकडे ठेवायला गेले, तर ते तिथे बसेना.

"काका, हे डावं आहे."

"मग ते दुसरं उजवं."

"तेही डावंच आहे."

"चार वर्षं विद्यापीठात हेच शिकलीस का, उयेन? आमच्याकडे बदकाच्या तंगडीचंसुद्धा डावं-उजवं कुणी बघत नाही."

मी दोन्ही हाडं शेजारी धरली. खालचे भाग झिजून गेले होते, पण वरची टोकं शाबूत होती. वरचा गोळा शरीराच्या आतल्या बाजूला असतो आणि त्याच्याखालचा लहान उंचवटा मागच्या बाजूला. या दोन खुणा जुळवल्या की हाड एकाच बाजूचं ठरतं. दोनदा जुळवून पाहिलं. मग काकांच्या हातात दिली आणि त्यांनीही जुळवून पाहिलं. त्यांच्या तोंडातली सिगारेट विझली.

ताडपत्रीच्या कडेला प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर मावशीआजी विडा चघळत बसली होती. माझ्या आईची मावशी, थोआ. वय शहात्तर. खांगची बहीण. पणजीच्या मुलांपैकी हयात असलेली ती एकटीच.

"दोन डावी म्हणजे काय गं?"

"म्हणजे दोन माणसं, मावशीआजी. एका कबरीत दोन माणसं आहेत."

तिचं चघळणं थांबलं. कापडाकडे बघतच ती काकांना म्हणाली, "सहाव्या, पेटी एकच आणलीस. जा, दुसरी घेऊन ये."

*

पणजीला दोन मुलगे होते. थोरला खांग १९६५ मध्ये जंगलात गेला, मुक्तिसैन्यात. धाकट्या विन्हला दोन वर्षांनी सायगॉनच्या सैन्याने बाजारातून उचललं. तो डुकराचं पिल्लू विकायला गेला होता. पिल्लू शेजाऱ्याने परत आणून दिलं. अमेरिकनांनी तोवर आमच्या गावामागच्या टेकडीचा माथा सपाट करून तळ उभारला होता आणि विन्हची तुकडी त्या तळाच्या राखणीला होती. खांग त्याच टेकडीच्या पलीकडच्या उतारावर होता. मधल्या गावाचं काय झालं ते सांगायला नको. आमच्या घराच्या जागी तीन खड्डे पडले, त्यांतल्या एकात आता मासे पाळतात.

ऑगस्ट १९६८ मध्ये दोघेही गेले. खांगची बातमी त्याच्या सोबत्याने आणली. विन्हचा कागद आला आणि त्यावर 'बेपत्ता' एवढंच होतं. टेकडी तीच, आठवडाही तोच.

युद्ध संपल्यावर खांगचा फोटो देव्हाऱ्यावर गेला आणि त्याच्याशेजारी सरकारचं हुतात्म्याचं प्रमाणपत्र लागलं. विन्हचा फोटो तांदळाच्या पिंपामागे गेला. हरलेल्या बाजूच्या गणवेशातला फोटो त्या काळात कोण लावणार? पण सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, घर नसलेल्या आत्म्यांसाठी कुंपणाबाहेर पानांवर पेज वाढतात, तेव्हा मावशीआजी एक वाटी जास्त भरायची आणि तिच्यात साखर घालायची. घर नसलेल्यांना कुणी साखर घालत नाही. लहानपणी मी विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "त्यांच्यात एखादा गोडखाऊ असतो."

*

त्या संध्याकाळी दोन्ही पेट्या ओसरीवर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवरही नाव रंगवलं नव्हतं. बाकीचे तुकडे कुणाचे ते कळेपर्यंत सगळे एका पेटीत ठेवले आणि दुसऱ्या पेटीत ते एकच हाड. मावशीआजीने मला चुलीपाशी बोलावलं.

"तुला अंड्याची गोष्ट माहीत आहे ना?"

घरात ती सगळ्यांना पाठ होती. १९९८ मध्ये पणजीने हट्ट धरला की मुलगा सापडल्याशिवाय मी मरणार नाही. तेव्हा दानांगच्या एका जाणत्याने कागदावर टेकडी काढली, ओढा काढला, तीन पाइनची झाडं काढली. तो म्हणाला, तिथे जेवणाची काडी रोवा, टोकावर कच्चं अंडं ठेवा. जिथे अंडं उभं राहील तिथे खणा. अंडं उभं राहिलं, खणलं, आणि हातभर खोलीवर हाडं लागली. जाणत्याने बजावलं होतं की हाडांकडे निरखून बघायचं नाही, म्हणून सहाव्या काकांच्या बापाने दोन मांड्या मोजल्या आणि सगळं लाल कापडात गुंडाळलं. पुढच्या वर्षी पणजी गेली. तिला त्याच्याच शेजारी पुरलं.

"माहीत आहे," मी म्हणाले.

"अंडं उभं राहिलं नव्हतं."

मी तिच्याजवळ सरकून बसले.

"डझनभर नेली होती. सात वेळा पडलं. काडी इथे रोव, तिथे रोव. आई दगडावर बसून बघत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई ती टेकडी चढून आलेली, आणि पाय असे सुजलेले. प्रत्येक अंडं पडलं की ती म्हणायची, 'अजून एक ठेव, थोआ.' मग मी पाठ फिरवली आणि शिदोरीतला चिकट भात काडीच्या टोकाला लावला."

"आणि उभं राहिलं."

"भातावर काय कुणीही उभं राहील."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला अंड्याचं माहीत होतं. हाडांचं नाही." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "पंचवीस वर्षं मी त्या कबरीसमोर दादा म्हणून हात जोडते. आणि प्रत्येक वेळी वाटतं, खालून कुणीतरी म्हणतंय, मी नाही, बाई. दुसऱ्या दाराला जा."

"मग कधी सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? तिला?" ती हसली. तिला चारच दात आहेत. "तुझ्या पणजीचं एकच म्हणणं असायचं. ती म्हणायची, 'थोआ, दोघं समोरासमोर तर नसतील ना आले?' शेवटच्या दिवसापर्यंत हेच. दादा सापडला म्हटल्यावर सहा महिने शांत झोपली. मग पुन्हा, 'याने तर त्याला नसेल ना मारलं?'"

बाहेर काकांनी पेट्यांवर टोपली उपडी घातली, मांजर बसू नये म्हणून.

"आता दोघं निघाले," मावशीआजी म्हणाली. "एकाच खड्ड्यात. समोरासमोर आले असते, तर असे शेजारी झोपले नसते. हो की नाही?"

"मावशीआजी, ते आपलेच आहेत हे अजून—"

"तुझ्या त्या यंत्राला विचार ना. कशाला थांबतेस?"

मी तिला समजावून सांगितलं. आईकडून मुलांना एक गोष्ट जशीच्या तशी मिळते, मुलग्यांना आणि मुलींना सारखीच. ती गोष्ट म्हणजे अक्षरांची एक लांब ओळ. तुझी ओळ आणि हाडातली ओळ शेजारी ठेवायची आणि फरक मोजायचे. एका आईची लेकरं असतील तर फरक शून्य येतो. परकी असतील तर पाच, सात, दहा, काहीही.

"म्हणजे दादा कुठला आणि धाकटा कुठला, ते नाही कळणार?"

"नाही. दोघांची ओळ एकच असणार. तुझीही तीच, माझीही तीच."

"कशाला कळायला हवं?" ती म्हणाली. "त्यांचं ते बघतील. लहानपणी शर्टसुद्धा एकच घालायचे, आळीपाळीने."

गालाच्या आतून फिरवायला मी कापसाची काडी काढली, तेव्हा ती म्हणाली, "बघ, विडा लागेल. नाहीतर तुझी माणसं म्हणायची, ही म्हातारी सुपारीच्या झाडाची लेक." मी तिला तीन वेळा चूळ भरायला लावली. मग एक काडी माझ्या गालातूनही फिरवली, पडताळ्यासाठी. दोन्ही मांड्यांच्या हाडांतून प्रत्येकी दोन ग्रॅमचा तुकडा कापून घेतला. काकांनी तेवढ्यापुरतं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघाले, तेव्हा देव्हाऱ्यावर दोन फोटो होते. विन्हच्या फोटोची काच पुसलेली होती. गणवेश तसाच, कान मोठे, ओठ दाबून धरलेले, हसू येत असलेल्या माणसासारखे. त्याच्यासमोर वाटी आणि वाटीत साखर.

*

हाड जुनं, माती आम्लधर्मी. पहिल्या खेपेला काहीच हाती लागलं नाही. दुसऱ्या खेपेला ओळ मिळाली, पण अर्धी. मी तिसरी मागितली, तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "तुझ्या घरचं आहे म्हणून तुला घाई करता येणार नाही, आणि तुझ्या घरचं आहे म्हणून तुला ते हाताळताही येणार नाही." काम दुसऱ्याने केलं. अकरा आठवडे लागले.

मावशीआजी दर रविवारी शेजारच्या मुलीच्या फोनवरून बोलायची. विचारायची नाही. तिकडचं सांगायची. नव्या जागी पणजीची कबर बांधून झाली, दोन्ही बाजूंना एकेक जागा राखली आहे, एक डावीकडे, एक उजवीकडे. काका रंग घेऊन तयार आहेत. विन्हच्या बाजूच्या दोन म्हाताऱ्यांनी येऊन उदबत्ती लावली, आणि खांगच्या बाजूचा एक म्हातारा आला, तर तिघं एकाच बाकावर बसून पावसाबद्दल बोलले. सातव्या महिन्याची पौर्णिमा मधेच होऊन गेली.

"यंदा कुंपणाबाहेर पेज नाही वाढली," ती म्हणाली. "आपलं आता बाहेर कुणी नाही."

"मावशीआजी, निकाल यायचाय."

"माहीत आहे गं."

"इतरांसाठी तरी वाढायची."

मग ती म्हणाली, "परवा कुंपणाशी कुणीतरी उभं होतं. संध्याकाळी. दोघं होते. मी म्हटलं, आत या की, ओळख विसरलात का? आले नाहीत."

"कोण होते?"

"चेहरा कुठला दिसतोय मला. उंची सारखी होती."

कागद आला, तेव्हा मी तो डाकेने पाठवला नाही. रात्रीची गाडी पकडली आणि सकाळी गावात उतरले. ओसरीवर दोन पेट्या होत्या, त्यांच्यावर टोपली आणि टोपलीवर मांजर. काका रंगाचा डबा उघडून बसले होते. मावशीआजीने नवा निळा सदरा घातला होता.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्याने. त्यांनाही ऐकू दे."

"आधी आत बसू या."

"इथेच वाच."

मी उभ्यानेच वाचलं.

डाव्या मांडीचं हाड, क्रमांक एक, आणि थोआ : नऊ फरक.

डाव्या मांडीचं हाड, क्रमांक दोन, आणि थोआ : नऊ फरक.

क्रमांक एक आणि क्रमांक दोन, आपसांत : शून्य.