भाडेकरू

बाबा त्यांच्या कॅन्सरला भाडेकरू म्हणतात. प्रोस्टेटमध्ये येऊन बसला, आता हाडांतल्या खोल्याही बळकावतोय, म्हणे. मी प्रयोगशाळेत त्याच कॅन्सरच्या पेशी वाढवते आणि आम्ही बनवलेलं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा, त्यांच्यावर घालून बघते. महिन्यापूर्वी दहातल्या नऊ पेशी मेल्या. घरी आल्यावर मला राहवलं नाही. लेकीला भरवता भरवता बाबांना सांगून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी केमो पुढे ढकलली. घरचं औषध येतंय, मग ते विष कशाला, असं आईला म्हणाले. मी परोपरीनं सांगितलं की हे अजून प्रयोगशाळेच्या ताटलीतलं आहे, माणसापर्यंत यायला वर्षं लागतात. ते हसले. माझी लेक आहे, उरकेल लवकर, म्हणाले. मीही मग फार ताणलं नाही. त्यांना हसताना बघून किती दिवस झाले होते.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी मात्र विचारलं, ॲसिड नीट काढलं होतंस ना? पेप्टाइड बनवताना शेवटी जहाल ॲसिड लागतं, आणि त्याचा अंश भुकटीला चिकटून राहतो. तो घालवायला भुकटी तीनदा विरघळवून तीनदा सुकवायची असते. त्या दिवशी पाळणाघरातून फोन आला होता, लेक तापानं फणफणली होती. मी एकदाच सुकवून पळाले होते.

पुन्हा केलं. तीनदा सुकवून. आज सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर पेशी एकमेकींना खेटून ताटलीच्या कडेपर्यंत पसरलेल्या. ठणठणीत. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"ॲसिडनं काय, काहीही मरतं," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी बाबा खाली बसून नातीचे बूट काढत होते. बसताना त्यांनी भिंत धरली होती, तेवढं माझ्या नजरेतून सुटलं नाही.

"काय मग, गेला का भाडेकरू?"

"बाबा, पेशी औषधानं मेल्याच नव्हत्या. माझी चूक झाली. उद्याच केमोला जाऊ आपण."

त्यांनी दुसरा बूट काढला, पहिल्याशेजारी नीट लावला.

"दुपारी डॉक्टरांचा फोन होता. परवाच्या तपासणीत रक्त फार कमी झालेलं दिसतंय. केमो आता झेपायची नाही म्हणाले. मी त्यांना म्हटलं, राहू द्या. आमचं घरचं आहे."

लेक मोजे ओढत होती. निघेनात. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.