बासष्टावी गाठ

कात टाकायच्या आधी रामकिसनने अंबाडीच्या दोरीला एकसष्ट गाठी मारल्या. त्यांत लेकीची, तनुजाची, एकही नव्हती.

कारंज्याच्या बाहेर मानोरा रस्त्याला पालट्यांची चौदा घरं आहेत. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायची, सकाळी जुड्या बांधून बाजारात न्यायच्या, हा त्यांचा धंदा. दिसायला ते कायम्यांसारखेच. कात न टाकणाऱ्या बाकी सगळ्या माणसांना पालटे कायमे म्हणतात. पालट्याची कात दर बारा वर्षांनी निघते. तीन दिवस तो बंद खोलीत असतो. बाहेर येतो तेव्हा चेहरा तोच, पण ओळख नसलेला. रेशनच्या दुकानात अंगठा जुळत नाही, घरात माणसं जुळत नाहीत. हातांना मात्र सगळं येत असतं. निंदायला बसवलं तर तो निंदतो, जुडी दिली तर बांधतो.

बाकी सगळं दोरीवर. कात टाकायच्या आधी एकेक आठवण मोठ्याने सांगायची आणि एकेक गाठ मारायची. ऐकणारा एकच असतो, त्याला धरणारा म्हणतात. नंतर धरणारा ती गाठ हातात देतो, आठवण परत सांगतो, मग गाठ सोडतो. सोडली की ती आठवण आत बसते, ऐकीव राहत नाही. अट एकच, गाठ ज्याची त्याने मारलेली हवी. दुसऱ्याची धरत नाही म्हणतात. कोणी करून पाहिलं नव्हतं.

रामकिसनची धरणारी त्याची बायको गोजराबाई. तिने एकसष्ट आठवणी ऐकल्या. विहिरीला पाणी लागलं तो दिवस, लाल बैल, पहिली मोटर, धाकटा भाऊ जगदेव झाडावरून पडला ते. दोरी संपत आली तेव्हा ती म्हणाली, "अन् तनुजा?"

"कोन तनुजा?" तो म्हणाला. कात निघायला अजून दोन दिवस होते.

"असं नोका करू. तुमी केलं ते तुमाले मालूम पायजे."

"मी काहून बांधू ते? बारा वर्सं उरावर घेऊन फिरू? तुले हाऊस असन त तू फिर."

सहा वर्षांपूर्वी तनुजाने मानोऱ्याच्या पवनशी लग्न केलं. पवन कायम्यांचा, रामकिसनला ते खपलं नव्हतं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा तिची कात आली, चोविसाव्या वर्षाची. रीतीप्रमाणे ती माहेरी आली. नवरा कायमा असला की मुलीचा धरणारा बाप. तिने बापासमोर दोन दिवस बसून गाठी मारल्या, त्याने ऐकल्या, मान हलवली. ती खोलीत गेल्यावर त्याने तिची दोरी चुलीत घातली. गोजराबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. दोरी ओढून काढायला तिने हात घातला तोवर अंबाडीने पेट घेतला होता. तव्यावरची भाकरी तिने उलटली. ती भाकरी रामकिसनने खाल्ली.

तनुजा बाहेर आली ती कोरी. चोवीस वर्षांतलं काही नाही. पवन येऊन तिला घेऊन गेला. "मी तुझा नवरा आहे," असं त्याने तिला एसटी स्टँडवर सांगितलं आणि तिने ते मान्य केलं, कारण दुसरं कोणी काही सांगत नव्हतं. आईने नंतर लहानपणीचं पुष्कळ सांगितलं. तनुजा ऐकते, हसते. तिला ते शेजारच्या मुलीचं वाटतं.

रामकिसन खोलीत गेला त्या दुपारी गोजराबाईने दोरीच्या शेवटच्या टोकाला बासष्टावी गाठ मारली. मारताना चुलीचं सगळं मोठ्याने सांगितलं. मग मानोऱ्याला फोन केला.

"चौथ्या दिवशी ये. तुह्या बापाले समजन."

"समजून काय करन तो?" तनुजाने विचारलं.

"तो तुले घरात घेईन. निदान तोंडानं म्हनन का मी जाळली."

चौथ्या दिवशी तनुजा आली आणि बाहेर ओट्यावर बसली. आत साक्षीला जगदेव बसला होता. रामकिसन नव्या कातडीत लाजल्यासारखा बसला. गोजराबाईने गाठी सोडायला सुरुवात केली. बैल आत गेला, विहीर गेली. जगदेव झाडावरून पडल्याची गाठ सुटल्यावर रामकिसन पोट धरून हसला. "अबे जगद्या, चिंचा तं सोडल्या नाईत तू!"

"तेवढंच ध्यानात ठेव तू," जगदेव म्हणाला. "हात मोडला माहा, ते नाई."

एकसष्ट झाल्या. गोजराबाईने दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं. त्याचा अंगठा गाठीवरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला.

"हे माही नोय."

"तुमचीच हाय."

"नोय. माहा फेरा आतून येते. हा बाहेरून हाय."

जगदेवने दोरी घेतली, उजेडात धरली. "वयनी, हे तं मेथीच्या जुडीची गाठ हाय. तुमी बाजाराले बांधता तशी."

चाळीस वर्षं तिने जुड्या बांधल्या होत्या. बाजारातल्या बाया गाठ पाहून सांगत, ही जुडी गोजराबाईची. आठवण सांगता सांगता हाताने सवयीचा फेरा घेतला होता आणि तिला ते कळलंही नव्हतं.

तरी तिने सांगितलं. तनुजा, पवन, दोरी, चूल, भाकरी. काही गाळलं नाही. मग गाठ सोडली. रामकिसनने सगळं नीट ऐकलं, दुसऱ्या गावची बातमी ऐकावी तसं.

"लय वाईट झालं," तो म्हणाला. "कोनं केलं असं?"

"तुमी."

त्याने जगदेवकडे पाहिलं. जगदेवने मान खाली घातली आणि म्हणाला, "दादा, गाठ तुही नोय. आपल्यात ते धरत नाई."

रामकिसनचा चेहरा सैल झाला. बाहेर पाहून त्याने विचारलं, "ते बाई कोन हाय? कवाची बसून हाय. पानी देल्लं का तिले?"

पाणी त्यानेच नेलं. तनुजाने पेला घेतला, पाणी प्यायली, पेला परत दिला.

"सुखी राह्य, बाई," तो म्हणाला.

गोजराबाई तिला रस्त्यापर्यंत पोचवायला गेली. बसची वाट पाहताना तनुजा म्हणाली, "मानूस तं चांगला वाटला."

"माहित हाय मले."

"आई, तुही कात कवा?"

"दोन वर्सांनी."

"तुहा धरनारा कोन?"

बायकोचा धरणारा नवरा असतो. बस आली. तनुजा खिडकीशी बसली आणि तिने हात हलवला, पाहुण्यांकडून निघताना हलवतात तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मेथीच्या ढिगाशी बसली. रामकिसनचे हात भराभर चालत होते, तो खुशीत होता. मधेच त्याने तिच्या बाजूची एक जुडी उचलली, गाठ पाहिली आणि हसला.

"उलटी बांधून राह्यली तू. दे, मी करतो."

त्याने तिची गाठ सोडली आणि जुडी आपल्या फेऱ्याने बांधली. मग दुसरी उचलली. गोजराबाई पाहत राहिली. त्याने ढीग पुरा केला तेव्हा बाजाराला जायची वेळ झाली होती.